सत्काराचे गोंडे

शालनबाईंना परदेशी पाहुण्यांचा राग कधीच नव्हता. बिचारे एवढ्या लांबून यायचे, मांडी घालता येत नसताना खाली बसायचे, ठेचा झोंबला तरी डोळे पुसत हसायचे. राग होता तो पाहुणे येणार म्हटलं की घरच्या पुरुषांच्या अंगात जे संचारायचं त्याचा.

चाकणच्या पलीकडच्या त्यांच्या वाडीत शेती अशी उरली नव्हती. वरचं रान एमआयडीसीत गेलं, खालच्या रानात गोदाम आलं, घरामागच्या तुकड्यात त्यांच्या मुलानं, जयदीपनं, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. खोल्या आणि विहीर यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी तेवढी राहिली होती, तीही शालनबाई भांडल्या म्हणून. त्या पट्टीत त्या सासूबाईंपासून चालत आलेलं कांद्याचं बी राखत. कांदा दिसायला मामुली, पण घट्ट आणि पावसाळाभर न सडणारा. जागा एवढीशी, म्हणून एक साल कांदा काढायचा आणि दुसऱ्या साली तेच निवडक कांदे पुन्हा लावून त्यांचं बी धरायचं. कांद्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, त्यामुळे बियाचं साल हुकलं की सगळंच संपलं. यंदाचं साल बियाचं होतं. सगळा निवडक कांदा मातीत होता, त्याला फुलांचे कमरेएवढे दांडे, म्हणजे डेंगळे, आले होते आणि प्रत्येक डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा होता.

दसऱ्याला त्या पट्टीत आणखी खोल्यांचा पाया काढायचा, असं जयदीपनं ठरवून टाकलं होतं. "आई, बी काय, दुकानात पाकिटात मिळतंय," तो म्हणायचा. कंपन्यांना बसगाड्या पुरवणाऱ्या या मुलाला जगातली प्रत्येक गोष्ट पाकिटात मिळते असं वाटायचं. शालनबाई त्याच्याशी बोलून बोलून दमल्या होत्या.

पाहुण्यांचं प्रकरण सुरू केलं ते एका संस्थेच्या सरांनी. निरनिराळ्या देशांतली शेती आणि खेडी ते एकमेकांशी ताडून बघत, आणि दर वर्षी कुठकुठली माणसं घेऊन वाडीत येत. हॉलंडच्या गृहस्थांनी सांगितलं, या पट्टीत काचेचं घर बांधा. केनियाचे म्हणाले, बायकांचा गट काढा. पेरूच्या एका बाईंनी मुलगा काय करतो एवढंच विचारलं, आणि बसगाड्यांचं ऐकल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे मुलं खाणीत जातात. शालनबाईंना तेवढंच बोलणं पटलं होतं. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांचे यजमान यशवंतराव देत. प्रगतशील शेतकरी म्हणून त्यांचा चारदा सत्कार झाला होता. पट्टीत शेवटची खुरपणी कधी झाली, हे मात्र त्यांना कुणी विचारू नये.

यंदाच्या दौऱ्याचा विषयच होता गावरान बियाण्यांचं जतन. म्हणजे पाहुणे शालनबाईंची पट्टीच बघायला येणार होते. दारात भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर सर, सरपंच, यशवंतराव आणि जयदीप यांचे फोटो होते, आणि कुठून तरी उचललेला लालभडक, टम्म कांदा होता, जो या घरात कधी पिकला नव्हता.

"माझा फोटो?" शालनबाईंनी सहज विचारलं.

"तुजा चांगला फोटो न्हाई माझ्याकडं," जयदीप म्हणाला. बसच्या टायरांचे फोटो होते त्याच्याकडे.

पाहुणे यायच्या दिवशी शालनबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या. गॅस होता, पण चुलीवरचीच भाकरी पाहिजे असा सरांचा आग्रह. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि बाहेर जयदीप फोनवर ओरडत होता. गुच्छ घेऊन भोसरीहून निघालेला टेम्पो चाकणच्या चौकात अडकला होता, आणि त्या चौकात अडकलेली गाडी कधी सुटेल हे देवालाही सांगता येत नाही. सत्कार तर झालाच पाहिजे. गुच्छाशिवाय सत्कार म्हणजे इज्जत गेली. थोड्या वेळानं ओरडणं थांबलं. टेम्पो आला असेल असं समजून शालनबाईंनी पुढची भाकरी थापली.

मांडवात त्यांना बोलावलं ते औक्षणाला. ताट घेऊन त्या पहिल्या पाहुण्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना कांद्याचा वास आला. आधी वाटलं आपल्याच हातांचा. मग त्यांनी पाहुण्याच्या मांडीवरचा गुच्छ बघितला. सोनेरी रिबीन, चकचकीत कागद, आणि त्यात पांढरे गोंडे. रांगेतल्या प्रत्येकाच्या मांडीवर तसाच गुच्छ होता. बियाणं राखणाऱ्यांचं कौतुक करायला आलेल्या माणसांना घरच्या माणसांनी बियाणंच कापून दिलं होतं.

शालनबाईंनी ताट खाली ठेवलं. "हे कुणी कापलं?"

"मी," जयदीप जवळ येऊन कुजबुजला. "टेम्पो न्हाई आला. मागं पांढरी फुलं दिसली, म्हटलं भारी दिसतील."

"सगळी?"

"पाहुणे लई हायेत ना."

ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या चाकणच्या बाजारात कांदा उतरवला, त्या घरच्या पोराला डेंगळा ओळखता आला नव्हता. शालनबाईंना इतका संताप आला की रडूही येईना. दिलेला सत्कार परत घेत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी हात पुढे केला आणि पहिल्या पाहुण्याच्या मांडीवरचा गुच्छ उचलला. मग दुसऱ्याचा. यशवंतराव "अगं, अगं" करत मागे आले. सरपंच वर मांडवाकडे बघत राहिले. फोटोवाला फोटो काढत राहिला, कारण त्याला कुणी थांबवलं नव्हतं.

चौथ्या खुर्चीवर इथिओपियाच्या अल्माझबाई होत्या. त्यांनी गुच्छ दिला नाही. नखानं गोंड्यातलं एक बोंड फोडून आतलं बी त्यांनी बोटावर घेतलं. वरचा दाणा पांढरट आणि पाणचट निघाला, खालच्या बोंडातला भरलेला. मग त्यांनी सरांना काही विचारलं. सर घुटमळले.

"सांगा की," शालनबाई म्हणाल्या.

"विचारतायत, हे कच्चं कापलं कुणी? आणि दुसरं ठेवलंय का?"

"न्हाई ठेवलं. हाय ते एवढंच."

अल्माझबाई उठल्या. रिबीन सोडली, कागद फाडून टाकला आणि लांब देठासकट गोंडे त्यांनी शालनबाईंच्या पदरात घातले. मग उरलेल्या रांगेतले गुच्छ गोळा करायलाही त्याच पुढे झाल्या. निघताना गाडीशी थांबून त्यांनी एक प्रश्न विचारला. सरांनी सांगितलं, "तुमच्यानंतर हे बी कोण राखणार, असं म्हणतायत."

"आमी हाय की सगळे," यशवंतराव लगेच म्हणाले. शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खाली बघत राहिल्या आणि गाडी गेली.

 शालनबाईंनी डेंगळे पाण्याच्या बादल्यांत उभे केले आणि बादल्या पडवीत सावलीला ठेवल्या. नुसतेच फुललेले गोंडे वाळून गेले. ज्यांची बोंडं भरत आली होती, त्यांतली थोडी देठाच्या ओलाव्यावर पिकली. वाळत घालायला जाड कापड लागत होतं, तेव्हा त्यांनी दारावरचा फ्लेक्सच उतरवून पडवीत अंथरला. यशवंतरावांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं.

गोंडे चोळायची वेळ आली तेव्हा जयदीप न बोलावता येऊन बसला. त्याला चोळता येत नव्हतं. जोर लावून तो बियाचाच भुगा करत होता.

"हळू. भाकरीचं पीठ हाय का ते?" शालनबाई कडाडल्या. "काळं ठेव. पांढरं फेकून दे."

सगळं पाखडून ओंजळभर बी निघालं. एरवी डबा भरायचा. फ्लेक्सवर स्वतःच्याच फोटोच्या कपाळावर अडकलेले दाणे जयदीप बोटानं टिपून काढत होता.

"आई, हे पेरायचं कधी?"

"दसऱ्याच्या आसपास."

दसरा म्हणताच त्याचं बोट थांबलं. खोल्यांच्या पायाचा मुहूर्त त्यानंच दसऱ्याला धरला होता. मग म्हणाला, "कुठं?"

"तुज्या डोस्क्यावर."

"तसं न्हाई. पट्टीतच ना?"

या घरात लग्न होऊन आल्यापासून त्या बियाबद्दल घरच्या कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते सगळं कापून झाल्यावर. हसावं की त्याला चांगलं झोडपावं, हे शालनबाईंना कळेना.

"व्हय, पट्टीतच," त्या म्हणाल्या, आणि बी भरायला फडकं आणण्याचं निमित्त करून आत गेल्या, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.