न दुखणारा पाय

पायाच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, लंगडत लंगडत आपणहून येतात! राजारामपुरीतल्या आमच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट. रिसेप्शनवरची शोभा म्हणते, "मॅडम, किश्श्यांनाबी नंबर लावायला पायजे."

पण त्या मंगळवारी मला हसू येत नव्हतं. कोडोलीचे बापूराव दर मंगळवारी सकाळी तळपायाच्या ड्रेसिंगला येतात. जुनी शुगर, पाय बधिर. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. बारा वाजले तरी त्यांचा पत्ता नाही. फोन बंद. घाबरले की मी बडबडते, आणि शोभा बिचारी ऐकते.

*

"ती टाचदुखीवाली शिक्षिका आठवते?" मी म्हटलं. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की डोळ्यांत पाणी. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, तेव्हापासून एकच धोशा, "कापून टाका!" दुखतं ते बहुतेक वेळा हाड नव्हे, तळपायाचा ताणलेला पडदा, हे पटवता पटवता माझा घसा बसला. उठायच्या आधी पोटरी-तळवा ताणा, थंड बाटलीवर पाय फिरवा, घरात मऊ चप्पल घाला.

चपलेवर गाडी अडली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सैपाकघरात चप्पल? जमायचं न्हाय!"

आठवड्याने शिक्षिका हसत आल्या. सासूबाईंनी नवी चप्पल धुतली, उंबऱ्यावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता ही घरातली. येऊ दे आत!"

शोभा हसली. मी घड्याळाकडे बघितलं.

*

मग पैलवान. पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लालबुंद, चादर लागली तरी कळ. रविवारी मटणावर आडवा हात मारलेला. तालमीतल्या वस्तादांनी निदान केलं, "शीर चढलीया," आणि अंगठा धरून ओढला!

"ओढल्यावर काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय हुतंय? मी असला वरडलो, शेजारची म्हस दावं तोडून पळाली की!"

रक्त तपासलं तर युरिक अॅसिड वाढलेलं. औषध, आराम, भरपूर पाणी, आणि वस्तादांना लांबूनच नमस्कार.

*

गडहिंग्लजचे एक रिटायर्ड गृहस्थ मुलाकडे राहायला आले आणि रंकाळ्यावर फिरायला लागले. मुलाचे जुने बूट टाकवेनात, म्हणून तेच घालून! पुढून अरुंद, बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीला कुरूप. मी सांगितलं, स्वतःच्या मापाचे घ्या, आणि संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

ते विचारात पडले. "बापाचा बूट पोराला आला की पोरगं मित्र झालं म्हणत्यात. पोराचा बूट बापाला येत न्हाय, तर काय झालं म्हणायचं?"

"भाडेकरू," शोभा पुटपुटली होती!

*

एक वाजला. मला बापूरावांचा पहिला दिवस आठवला. फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत रक्ताचे ठसे. मी दचकून विचारलं, "पाय कशानं कापला?" त्यांनी मागं वळून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "माझं न्हवं. दुसऱ्या कुणाचं तरी असंल."

चपलेतून खिळा वर आलेला, आणि या माणसाला पत्ता नाही! दुखणाऱ्या पायाचं मला कधी भय वाटलं नाही. दुखणारा माणूस धावत येतो. न दुखणारा येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

त्यात बापूरावांचा नवस. नातू झाला तर जोतिबाला अनवाणी येईन म्हणून बोललेले, आणि नातू झाला. डॉक्टरांनी बजावलं, अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बापूराव गप्प बसले. माणूस वाद घालतो तोवर ठीक, गप्प बसला की काळजी.

*

दीडच्या सुमाराला जिन्यावर लंगडती पावलं वाजली. मी खुर्चीवरून उठलेच.

दार उघडून बापूराव आत आले. पायात आम्ही दिलेले बूट, चाल सरळ. लंगडत होत्या त्या मागून येणाऱ्या काकू, त्यांची बायको. दोघांच्या कपाळाला गुलाल!

"जोतिबाला गेलतो," बापूराव म्हणाले.

"अनवाणी?" मी ओरडलेच.

"न्हाय वो! मी बूट घालून वडापच्या जीपनं. अनवाणी ही गेली. देवाला सांगितलं, नवस माझा, पाय हिचं."

सिस्टरनी पट्टी सोडली. जखम कोरडी, कडेनं भरत आलेली. माझ्या जिवात जीव आला, आणि डोळे भरून आले ते आलेच.

मग काकूंचे तळवे बघितले. भेगा, खडे टोचल्याच्या खुणा, टाच सुजलेली. म्हटलं, "काकू, आता घरातसुद्धा चप्पल घालायची हं."

काकूंनी मान हलवली. "ह्यांची जखम भरूस्तवर घालायची न्हाय, असं बोललोय मी देवाला."

बापूराव माझ्याकडं बघून हात जोडत म्हणाले, "मॅडम, मला घातलं तसलं भ्या जरा हिलाबी घाला की!"