हुसेनबीचा मल्लखांब

१९९४ च्या उन्हाळ्यात इक्बालचाचांनी टेम्पोतून लाकूड गोल फिरवून तासायचं एक लेथ मशीन घरी आणलं, तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. कोरेगाव भीमाला आमची आणि आतारांची घरं एकाच भिंतीला लागून. चाचा जवळच्या एका कारखान्यात टर्नर होते, लोखंडाचे. पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना हे मशीन दिसलं आणि त्यांचा जीव त्यावर बसला. रविवारी लाकूडकाम करू, मन रमवू, असा बेत. पण आठवडाभर लेथपुढं उभा राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी परत लेथपुढं उभा राहत नाही, हे त्यांना मशीन आणल्यावर उमगलं. दोन महिन्यांत त्याच्यावर गोणपाट पडलं आणि गोणपाटावर कोंबड्या बसायला लागल्या.

ते गोणपाट काढलं हुसेनबीचाचीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं.

चाची कवठे येमाईची. चौथी शिकलेली, उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं मोजकं. पस्तिशीची असेल तेव्हा. एका दुपारी मला खट्कन मोठा आवाज आला म्हणून मी परसात धावले, तर बाभळीचा एक ठोकळा मशीनवरून उडून पत्र्याला लागला होता आणि चाची हातात पटाशी घेऊन शांतपणे त्या पत्र्यातल्या खोलग्याकडं बघत होती.

"लागलं का चाची?"

"न्हाई. पटाशी अडकली. का अडकली ते बघतीय."

संध्याकाळी चाचा आले. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खोलगा पाहिला, पटाशी पाहिली, आणि म्हणाले, "धार आधी घालायची नसती. पटाशीची पाठ लाकडावर टेकवायची. लाकूड पाठीवर घासू द्यायचं. मग हळूच मूठ उचलायची, धार आपसूक लागती." त्यांनी एकदा करून दाखवलं. लाकडाची एक लांब कुरळी साल पटाशीवरून सळसळत निघाली आणि चाचीच्या पायाशी पडली. तिनं ती उचलून बराच वेळ बोटांत धरली.

इक्बालचाचांनी तिला शिकवलं ते एवढंच. पुढचं ती लाकडाकडून शिकली.

मशीनला बसण्याआधी ती हातातल्या काचेच्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवायची आणि पदर कंबरेला गच्च बांधायची, कारण फिरत्या मशीनला सैल कापड चालत नाही. आधी लाटणी केली. मग रव्या, भोवरे, मुसळं. बाभूळ, आंबा, चिंच, जे जळणात मिळेल ते. पटाशी बोथट झाली की लाकडाचा आवाज बदलतो, हे तिला कानानं कळायला लागलं. स्वयंपाक करता करता ती मध्येच उठून धार लावायला जायची. विकलं मात्र काही नाही. ज्याला हवं त्यानं न्यावं. गल्लीत "हुसेनबीचं खूळ" असं नाव पडलं, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात त्या खुळाचं एकेक लाटणं होतं.

माझ्या लग्नात तिनं मला शिसवीचा कुंकवाचा करंडा दिला. झाकण इतकं नेमकं बसलेलं की उघडताना आतली हवा फट् असा आवाज करायची. भांडगावला सासरी आल्यावर बायका तो करंडा नुसता उघडझाप करून बघायच्या. माझ्या चुलत सासूबाई पुतळाबाई तर दर वेळी म्हणायच्या, "कुणी केला म्हनलीस?" आणि मी दर वेळी सांगायचे.

भांडगावच्या शाळेत मी शिकवायला लागले. तिथं मल्हारी सर होते, व्यायामाचे शिक्षक. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ. तरुणपणी ते मल्लखांबावर नावाजलेले होते. पण शाळेचा मल्लखांब वाळवीनं खाल्ला होता आणि बारा वर्षं मैदानात त्याच्या जागी नुसता खड्डा होता. सर मुलांना कवायत शिकवायचे, सूर्यनमस्कार घालून घ्यायचे, आणि त्या खड्ड्याजवळून जाताना चालणं जरा हळू करायचे. नवीन खांबासाठी किती अर्ज केले त्याची गणती नाही. दर वेळी "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर.

२००१ च्या दिवाळीनंतर शाळा समितीची बैठक होती. पुतळाबाईंचे यजमान हौसराव, गावाचे आप्पा, समितीचे अध्यक्ष. बागायतदार, गावात शब्दाला वजन असलेले. ते म्हणाले, "माझ्या गोठ्यामागं शिसवीचं एक खोड पडलंय. अकरा फुटी. सात वर्सं वाळतंय. शाळेला दिलं. पर करनार कोन?"

केडगावच्या सुतारानं ते खोड पाहून आधीच नकार दिला होता. वाकसानं तासून असा खांब गोल होत नाही, आणि एवढं लांब लाकूड फिरवणारं मशीन आसपास कुणाकडं नव्हतं. मल्लखांब म्हणजे नुसता खांब नव्हे. बुडाशी बावीस इंच घेर, वर निमुळता होत होत बारा, त्याच्यावर मनगटाएवढी मान, मानेवर बोंड. कुठं उंचवटा राहिला तर मुलाची मांडी सोलून निघते.

मी म्हणाले, "कोरेगाव भीमाची एक बाई करील."

"ती करंड्यावाली?" हौसराव हसले. "अगं, करंडा येगळा, खांब येगळा. एकच खोड हाय. वाया गेलं तर परत सात वर्सं."

मल्हारी सर कधी बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "तो करंडा मी पाह्यलाय आप्पा. ज्या हाताला झाकण असं बसवता येतं, त्या हाताला एकदा विचारून तर बघू."

ट्रॅक्टरमधून खोड कोरेगावला गेलं. चाचीनं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वास घेतला, हाताच्या मुठीनं ठोकून पाहिलं. चाचा कपाळाला हात लावून उभे होते.

"आपल्या मशीनवर तीन फूट बसतं, हुसेनबी. हे अकरा हाय."

"मग मशीन लांब करू."

चाचांनी बायकोकडं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आठ दिवसांची रजा टाकली. लाकडाचं एक टोक धरून फिरवणारा भाग होता तिथंच ठेवला. दुसरं टोक धरणारा भाग मशीनवरून काढून बारा फुटांवर सिमेंटच्या नव्या चौथऱ्यावर बसवला. दोन्ही टोकं एका रेषेत यावीत म्हणून मध्ये दोरा ताणून तीन दिवस माप घेत राहिले. वेग कमी करायला मळणी यंत्राची जुनी मोठी पुली लावली. खोड मधेच झोल खाऊ नये म्हणून चाचांनी तीन बेअरिंगांचं एक कडं बनवलं, लाकडाला कंबरेत धरून ठेवणारं.

पहिल्यांदा बटण दाबलं त्या दिवशी मी तिथं होते. खोड अर्धा फेरा फिरलं आणि सगळं परस थरथरायला लागलं. चौथऱ्यात कडकन तडा गेला. चाचांनी झडप घालून बटण बंद केलं.

"बास. हे पडलं तर जीव जाईल. परत पाठवू."

चाचीनं खोड खाली उतरवून घेतलं, दोन सारख्या पाइपांवर आडवं ठेवलं आणि हलकेच ढकललं. खोड लोळलं, थांबलं, आणि थोडं मागं येऊन स्थिर झालं. तिनं खडूनं खालच्या बाजूला खूण केली. परत ढकललं. तीच बाजू खाली आली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तीच.

"हे एका अंगाला जड हाय," ती म्हणाली. "आपन टोकं बघून मधला बिंदू धरला. खोड पोटात वाकलंय, ते टोकाला कसं कळंल?"

चार दिवस ती वाकसानं ती जड बाजू तासत होती. खोड अष्टकोनी केलं, नवे मध्य काढले, चौथरा दुप्पट जाडीचा ओतला. पुन्हा बटण दाबलं. या वेळी खोड घुमलं, संथ, एका सुरात. चाचांनी चौथऱ्यावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं, पण सांडलं नाही.

मग आली खरी अडचण. वरचा थर निघाल्यावर निमुळत्या टोकाला एक चीर दिसली. आत हातभर गेलेली. जिथं मनगटाएवढी मान कोरायची, नेमकी तिथंच. ही बातमी मीच भांडगावला नेली, आणि हौसराव मल्हारी सरांना घेऊन जीपमधून आले.

त्यांनी चिरेवर बोट फिरवलं. "संपलं मग. मान हितंच मोडनार. पोरगं वरून पडंल. मी खोड घिऊन जातो, बाई. तुमचा काय दोस न्हाई."

"आप्पा, खांब जिमिनीत किती जातो?" चाचीनं विचारलं.

उत्तर सरांनी दिलं. "दोन फूट."

"मग उलटा करू. चीर जिमिनीखाली घालू. बुडखा वर घिऊ, त्यातून मान काढू."

हौसरावांनी बुडख्यावर हात ठेवला. "बुडखा दहा इंच जाड हाय. त्यातून मनगटाएवढी मान? किती लाकूड काढावं लागंल?"

"काढते की."

"आन् बारीक टोकाला बावीस इंच घेर भरंल?"

तिनं पदराच्या गाठीतून सुतळी काढली, टोकाभोवती गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. हौसरावांनी सुतळी सरांच्या टेपवर मोजली. साडेतेवीस भरली. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि चहा पिऊनच गेले.

पुढचे सोळा दिवस ती मशीनपुढं होती. सकाळचं आवरून बसायची ती दिवस कलेपर्यंत. पायाशी सालींचा ढीग गुडघ्यापर्यंत यायचा. शेजारच्या बायका, ज्या खूळ म्हणायच्या, त्या आता भाकरी बडवून आणून द्यायला लागल्या आणि ढीग भरून न्यायला. मानेजवळ आल्यावर ती एका वेळी केसाएवढंच लाकूड काढायची, मशीन थांबवायची, बोटं फिरवायची, पुन्हा चालू करायची. शेवटी पॉलिश पेपर लावला, जाड, मग बारीक, मग नुसतंच गोधडीचं कापड.

मल्हारी सर बघायला आले. त्यांनी टेप काढला, दर फुटाला घेर मोजला, वहीत लिहिला. मग टेप खिशात ठेवून डोळे मिटले आणि दोन्ही तळवे बुडापासून बोंडापर्यंत नेले. परत खाली आणले.

"बाई," ते म्हणाले, "मी पुण्यातल्या खांबांवर खेळलोय. असा हाताला आलेला न्हाई."

चाची म्हणाली, "डावीकडं मानेखाली जरा राह्यलंय." सरांना ते सापडलं नाही. तिला सापडलं होतं. तेवढं तिनं दुसऱ्या दिवशी काढलं.

२६ जानेवारी २००२ ला भांडगावच्या शाळेत झेंडावंदनानंतर कुणी घरी गेलं नाही. खड्ड्यात डांबर लावलेलं बूड उतरवून खांब दोन दिवस आधीच उभा केला होता. काळाभोर, अंगावर शिसवीच्या रेषा, ओळंब्यात सरळ. पुतळाबाईंनी चाचीला हाताला धरून पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. आसपासच्या बायकांना त्या सांगत होत्या, "करंडा हिनंच केलाय."

मुलांनी चढण्याआधी खांबाला एरंडेल चोळायचं असतं. वाटी हौसरावांच्या हातात होती. तो मान अध्यक्षाचा. ते माइकपुढं आले. भाषणाचे ते शौकीन, पण त्या दिवशी थोडक्यात बोलले. "मी म्हनलो व्हतो, करंडा येगळा आन् खांब येगळा. मी चुकलो. हुसेनबी, तेल तुम्ही लावायचं."

चाची उठली. बांगड्या काढून तिनं पुतळाबाईंच्या ओटीत ठेवल्या, पदर खोचला, आणि ओंजळीतलं तेल बुडापासून हात पोहोचेल तिथपर्यंत चोळलं.

मल्हारी सर पुढं आले. लंगोट कसलेला, अंगात बनियन. त्यांनी खांबाला नमस्कार केला, मग वळून चाचीला केला. मग उडी घेतली. बावन्न वर्षांचा माणूस पाण्यातून मासा जावा तसा वर गेला. मान मांडीत धरली आणि दोन्ही हात सोडून आडवा झाला, आभाळाकडं तोंड करून. मुलं ओरडली, मग बाया, मग सगळं गाव. इक्बालचाचा माझ्याशेजारी उभे होते. बायकोच्या हातांकडं बघत होते.

सर खाली आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि ते हसत होते. लगेच मुलांची रांग लागली. मुलांमागं मुलींची लागली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सरांनी त्यांनाही चढू दिलं.

त्या खांबानं पुढं काय केलं ते तालुक्याला माहीत आहे. तिसऱ्या वर्षी भांडगावचा संघ जिल्ह्यात पहिला आला, आणि त्यात चार मुली होत्या. चाचीकडं दौंडहून, शिरूरहून शाळा यायला लागल्या. २००८ पर्यंत तिनं नऊ खांब केले. एक कवठे येमाईला, तिच्या स्वतःच्या शाळेत, जिथं ती चौथीपर्यंत शिकली होती. त्या खांबाला तेल लावायला तिला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "पोरींना लावू द्या, मी बघते."

इक्बालचाचा निवृत्त झाले आणि तिचे मदतनीस झाले. सिमेंटचा तो चौथरा अजून परसात आहे. मी मागं गेले तेव्हा त्यावर चिंचेचं एक खोड चढवलेलं होतं आणि चाचा टोक आवळत होते.

"जास्त आवळू नका," चाची म्हणाली. "त्याला फिरायला जागा पायजे."

"व्हय," चाचा म्हणाले, आणि त्यांनी पाव फेरा मागं घेतला.