साहेबांना धूळ हवी होती

ह्या नोकरीत मी टिकलो तो अण्णांमुळे, हे आधी सांगतो. अण्णा धारवाडकडचे, आमच्या प्रयोगशाळेतलं इलेक्ट्रॉनचं यंत्र तेच चालवायचे.

मी सातवीतून शाळा सोडलेला, रत्नागिरीकडून थेट बंगळूरला आलेला. नोकरी तात्पुरती. साहेब रेणूंची रचना शोधत, म्हणजे कुठला अणू कुठे बसलाय ते. त्यासाठी स्फटिकातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटवायचे आणि त्यावरून गणित करायचं. स्फटिक तयार करणं माझ्याकडे. "सोमवारी काच चांगली दिसली तर तुला ठेवून घेऊ," साहेब म्हणाले होते.

शेजारच्या खोलीत क्ष-किरणांवाले मोठ्या स्फटिकासाठी जीव टाकायचे. मोहरीएवढा झाला की सगळ्यांना बोलावून दाखवायचे. मीही तेच धरलं. बशी झाकून, कुणाला धक्का लागू न देता स्फटिक वाढवले आणि शनिवारी त्यातला टपोरा निवडून दिला.

काच धुतली, तर कोरी.

अण्णा हसत सुटले. "नैवेद्याला खडीसाखर केलीस काय रे? झोत बिचारा आरपार जाणार कसा? ह्याला धूळ लागते, स्फटिकाची धूळ."

"अण्णा, साहेब मला परवा घरी पाठवतील."

"स्वल्प थांब. करू की."

खरं तर त्यांना दुपारच्या गाडीने नातवाच्या बारशाला जायचं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "बारसं झालं तरी नातू कुठं पळून जातोय?"

त्यांनी माझ्याकडून द्रावण पातळ करवलं, इतकं की नुसतं पाणीच वाटावं. त्याचा एक थेंब तांब्याच्या बारीक जाळीवर ठेवून टीपकागदाच्या कडेने टिपायला लावला. मी भिंगातून पाहिलं.

"अण्णा, इथे काहीच नाही."

"दिसत नाही ना? सरी, ठीक. मग आहे बरोबर."

पंप यंत्रातली हवा ओढत बसला. मी मनात रामरक्षा म्हणत होतो, अण्णा पान लावत होते. मग लाल दिव्याच्या उजेडात, ट्रेमधल्या काचेवर ठिपके वर आले, अंगणात रांगोळीसाठी मांडावेत तसे ओळीने.

सोमवारी साहेबांनी काच खिडकीशी धरली. "हं. अशाच आणखी काढा," एवढंच म्हणाले. मला ठेवून घेतलं.

नातवाचं नाव अण्णांना पत्रातून कळलं. यंत्र दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून त्यांना अजून लांब रजा मिळत नाही. मी आता झोत जुळवायला शिकतोय. साहेबांनी यंत्र माझ्या हाती सोपवलं की अण्णांना महिनाभर नातवाकडे पाठवणार, हा माझा शब्द.