धोट्याचा आवाज किती ठेवायचा

लोटू बोरसेंच्या घरातल्या टीव्हीचा आवाज अठ्ठावन्नवर असतो. शेजारी रामदास पवारांकडे तो बासष्टवर असतो, त्यामुळे कोणी कोणाकडे तक्रार करत नाही. दोघांनी सुरतेच्या उधन्यातल्या एकाच खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. खातं म्हणजे इथल्या बोलीत यंत्रमागाचा कारखाना. बोरसे मूळचे पारोळा तालुक्यातले, पवार अमळनेरकडचे. दोघंही साठीच्या अलीकडे.

खात्यात कोणी बोलत नाही. शंभर माग चालू असताना बोलून उपयोगच नसतो. तिथे हातांनी बोलतात. तळहात पालथा धरला म्हणजे माग बंद पडलाय. बोट हवेत गोल फिरवलं म्हणजे चालू आहे. अंगठा ओठांकडे नेला म्हणजे चहा आलाय.

उधना-लिंबायत भागात बोरसेंना लोक ओळखतात ते मात्र वेगळ्या कारणाने. गेली पंधरा-सोळा वर्षं इथल्या खानदेशी हळदींत साउंडच्या गाडीवर जे वाजतं, त्याला ‘धोटा’ म्हणतात, आणि ते बोरसेंनी सुरू केलं. खाली संबळाचा दणका, वर बेंजोवर अहिराणी हळदीच्या गाण्याची चाल आणि मधून सतत चालणारा एक धारदार खटका. हा खटका मागातला. धोटा म्हणजे दोरा पोटात घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारी लाकडी होडी. प्रत्येक टोकाला ती आपटते. मिनिटाला एकशे तीस-पस्तीस वेळा. गाण्याची गतीही तीच. बोरसेंनी ती कधी बदलली नाही. त्या गतीशेजारी बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसांना तिच्यावर नाचायला शिकवावं लागलं नाही.

सुरुवात अडचणीतून झाली. पाळी संपली की बोरसे एका बॅण्ड पार्टीत बेंजो वाजवत. एका दिवाळीनंतर पार्टीतला ऑक्टोपॅडवाला गावाहून परतलाच नाही आणि चार दिवसांवर हळद होती. बोरसेंनी मोबाइल खिशात ठेवून मागाचा आवाज भरून घेतला आणि मोबाइलच्या दुकानात, जिथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, तिथल्या संगणकावर तो संबळाला जोडला. हळदीत लोक आधी हसले. मग खात्यातल्या माणसांचे पाय हलायला लागले. पुढच्या दिवाळीत ही कार्डं शर्टांच्या खिशांतून दोंडाईच्याला, शिरपूरला, पारोळ्याला गेली.

नंतर पुष्कळांनी धोट्याची नक्कल केली. कोणाची जमली नाही, कारण बोरसेंएवढा तीक्ष्ण खटका ठेवायला कोणी धजत नव्हतं. शहरात वाढलेली मुलं त्यांच्या गाण्यावर नाचायची, पण एक बोट कानात घालून. ती बोरसेंची शैली आहे, असं सगळे धरून चालले होते. बोरसेंना तर खटका तीक्ष्ण आहे हेच माहीत नव्हतं.

हे उघड झालं या वर्षी, मुलीमुळे. चंचल कतारगाममध्ये कानाच्या मशिनच्या दुकानात काम करते. लोकांना काचेच्या खोलीत बसवून त्यांचे कान तपासते. तिचं लग्न आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं ठरलं, तेव्हा तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली: एकदा येऊन खुर्चीत बसायचं. बोरसे बसले. आवाज आला की बटण दाबायचं होतं. जाड आवाजांना त्यांनी बटण दाबलं. बारीक आवाज सुरू झाले तसे ते शांत बसून राहिले आणि तपासणी कधी सुरू होणार म्हणून काचेतून मुलीकडे बघत राहिले. कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मागावर काम केलेल्या माणसांची रेघ बहुतेक इथेच पडते, असं चंचलने सांगितलं.

मशिन बसल्यावर पहिल्या दोन दिवसांत बोरसेंना बायकोच्या, वत्सलाबाईंच्या, बांगड्या ऐकू आल्या, प्लास्टिकच्या पिशव्या ऐकू आल्या, आणि वत्सलाबाई स्वयंपाक करताना तोंडातल्या तोंडात काय बोलतात तेही ऐकू आलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं. वत्सलाबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं.

“आते हळू बोलानी सोय नही राहिनी,” त्या चंचलला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बोरसेंनी लॅपटॉपवर आपला धोटा लावला. मिनिटभरात बंद केला. मग चंचलला विचारलं, हे असंच वाजतं का, आणि कधीपासून.

“पहिल्यापासून,” ती म्हणाली.

“आणि कोणी बोललं नाही?”

“सगळे नाचत होते, आबा.”

बोरसेंना हे लागलं. इतकी वर्षं लोकांनी आपल्याला सहन केलं, असा त्यांनी अर्थ काढला. चंचलच्या हळदीसाठी नवा धोटा करायचाच होता. आता तो असा करायचा की कोणाचं बोट कानात जाणार नाही. शंभरएक हळदी त्यांनी नाचवल्या होत्या. पोरीच्या हळदीत मंडपातली माणसं न नाचता नुसती उभी राहिली तर त्या सगळ्या फुकट, असं ते वत्सलाबाईंना दोन-तीनदा म्हणाले. खात्यातून मागही गेले होते. चार वर्षांपूर्वी तिथे वॉटरजेट यंत्रं आली. त्यांत धोटा नसतो, पाण्याची पिचकारी दोरा नेते. म्हणजे आता जो खटका होता तो बोरसेंच्या लॅपटॉपमध्येच होता. तीन आठवडे बसून त्यांनी तो घासून-पुसून मऊ केला.

साउंडची गाडी चेतनची. सव्वीस वर्षांचा, सुरतेतच जन्मलेला, मराठीत सुरू करून गुजरातीत संपवणारा मुलगा. त्याने रविवारी सकाळी मैदानात नवा धोटा वाजवून बघितला. “हवे बराबर छे, काका,” तो म्हणाला. आता बरोबर झालंय, हे बारडोलीकडच्या फार्महाउसवरच्या लग्नांतही चालेल, असं म्हणाला. बोरसेंना बरं वाटलं.

हळद दुपारी चारला लागली. गल्लीत मंडप, मंडपाच्या तोंडाशी गाडी, गाडीपाशी लॅपटॉप घेऊन बोरसे, दोन्ही कानांत मशिन. चंचल पाटावर, गालांना हळद. नवा धोटा सुरू झाला. पोरापोरींनी दोन पावलं टाकली, मोबाइलवर फोटो काढले, पुन्हा दोन पावलं टाकली. बोट कोणीच कानात घातलं नाही. पण दर वेळी सगळ्यांत आधी उतरणारी खात्यातली माणसं, पंधरा-वीस जण, मंडपाच्या कडेला हात मागे बांधून उभी होती. पहिलं गाणं संपलं. दुसरंही अर्धं झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

बोरसेंनी रामदास पवारांकडे बघितलं. पवारांनी हात पुढे घेतला आणि तळहात पालथा धरला. माग बंद आहे. त्यांच्या शेजारच्याने तेच केलं, मग त्याच्या शेजारच्याने. पूर्ण ओळ तळहात पालथे धरून उभी राहिली. यात टिंगल नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की गाडीत काहीतरी बिघडलंय आणि लोटूला ते कळलेलं नाही.

पवार गाडीपर्यंत चालत आले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, विचारलं:

“लोटूभाऊ, धोटा कथा गया?”

धोटा कुठेही गेला नव्हता. बोरसेंनी लॅपटॉपवर खटक्याच्या आवाजाची पट्टी थोडी वर नेली. पवारांनी मान हलवली. आणखी वर नेली. मशिनमधून तो आवाज आता बोरसेंच्याच कानात टोचत होता, त्यांचे डोळे बारीक झाले, आणि पवार अजूनही तळहात पालथाच धरून होते. मऊ केलेला खटका त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता.

बोरसेंनी चंचलकडे बघितलं. मशिन तिने बसवलं होतं. ती पाटावरून हे सगळं बघत होती. तिने हळदीने भरलेला हात स्वतःच्या कानाला लावला आणि काढून ठेवा, अशी खूण केली.

त्यांनी दोन्ही मशिनं काढून वत्सलाबाईंच्या हातात दिली. वत्सलाबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. बोरसेंनी लॅपटॉपवर जुना, न घासलेला खटका काढला, नव्या गाण्यावर ठेवला आणि पट्टी वर न्यायला लागले. किती वर, याचं माप त्यांच्याकडे पहिल्यापासून एकच होतं: आपल्याला ऐकू येईपर्यंत.

ऐकू आलं तेव्हा त्यांनी हात काढला. पवारांनी बोट हवेत गोल फिरवलं. ओळ मंडपात उतरली.

पोरांनी बोटं कानांत घातली, पण बाहेर पडली नाहीत, उलट मधे घुसली. चंचलने दुकानातून कानांत घालायच्या फोमच्या बुचांचा डबा आधीच आणून ठेवला होता. तिच्या मावसबहिणीने तो लहान मुलांत वाटला. चेतनला एक जोडी मिळाली, त्याने निमूट घातली. चंचल पाटावरून उठली, तेव्हा तिला बसवायला कोणी गेलं नाही. साडेसहापर्यंत गल्लीत चालायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाला बोरसे कानांत मशिन घालून उभे होते. मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. दुसरं कडवं संपायच्या आत ते अक्षता मुठीत धरूनच चेतनकडे गेले आणि भटजींचा माइक फार किरकिरतो, थोडा कमी कर, असं त्यांनी त्याला सांगितलं.