चहाचा ग्लास आणि माझे वीस शिपाई

शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचे इन्शुरन्स क्लेम मी लिहितो. माझ्या लिहिण्यात असा जोर, की बंपरला मांजर घासून गेलं तरी वाचणाऱ्याला उंट आडवा आल्यासारखं वाटावं. एकदा तर क्लेम वाचून इन्शुरन्सच्या बाईने ड्रायव्हरच्या बायकोला सांत्वनाचा फोन केला, आणि ड्रायव्हर माझ्यासमोर बिर्याणी चेपत होता. हे मी चारचौघांत कॉलर ताठ करून सांगायचो.

आमचा पेंटर नेपाळी. मला दाजू म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. त्याचा सख्खा दाजू शाळामास्तर होता. तिकडे यादवी चालू असताना आईच्या चहाच्या टपरीवरून त्याला उचललं, ते आजतागायत पत्ता नाही. लढाई संपली, निवडणुका झाल्या, किती सरकारं आली नि गेली. आता बेपत्ता माणसांची चौकशी करणाऱ्या आयोगाने घरच्यांचे जबाब मागवले होते. आईचा जबाब जुनाच होता, याचा हवा होता. जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडताच माझ्या टेबलाशी आला.

"दाजू, आप अच्छा लिखते हो."

झालं. मग मी कुणाचं ऐकतोय.

त्याने सांगितलं ते एवढंच: दुपार होती. वर्दीतले दोघे आले. भावाने हातातला चहाचा ग्लास याच्याकडे दिला, "धर, आलोच" म्हणाला आणि त्यांच्याबरोबर चालत गेला.

"इतने में कौन फाइल खोलेगा?" मी म्हटलं आणि कामाला लागलो. दोघांचे वीस शिपाई केले. हवेत गोळ्या झाडल्या. मास्तरच्या तोंडी एक घोषणाही घातली. मग त्याला हिंदीत वाचून दाखवलं.

"गोली नहीं चली थी, दाजू."

"चलने दे. खलास, साइन कर."

त्याने केली.

महिन्याभराने आईला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावलं. साहेबाने दोन्ही जबाब शेजारी ठेवून विचारलं, यातलं खोटं कोण बोलतंय? आई म्हणाली, मी म्हातारी, मीच विसरले असेन. मुलाचं खरं धरा.

हे तो मला गाडीच्या दाराला टेप लावता लावता सांगत होता. वर न बघता.

"इतने साल माँ एक ही बात बोलती आई थी," तो म्हणाला. "आप के बीस आदमी के लिए छोड़ दी."

मी काहीतरी बोललो असेन, माझं तोंड कधी गप्प बसलंय? काय बोललो ते मात्र आठवत नाही.

त्या दुपारी मी आयोगाला पत्र लिहिलं. वीस शिपाई माझे, गोळ्या माझ्या, घोषणाही माझी. याने मला अडवलं होतं. खाली माझं नाव आणि फोन. पहिल्या खर्ड्यात 'डबडबलेल्या डोळ्यांनी' असंही आलं होतं. डोळे कोरडे होते. खोडलं.

त्याने पत्र तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "साहब, गिलास नहीं लिखा."

पहिल्या जबाबातही तो नव्हता. एवढ्या धुमश्चक्रीत चहाचा ग्लास कुठे ठेवणार, म्हणून मी गाळला होता.

लिहिला. आयोगाचं उत्तर अजून आलेलं नाही. पेंटर मला अजून साहबच म्हणतो.