डबा न वाजवता
केडगावच्या रस्त्यावर आज पाचट जळाल्याचा वास आला आणि आमच्या पाटाकाठची पाणकोंबडी आठवली. इतकी लाजरी, की लव्हाळ्यात शिरणारी शेपटी तेवढी दिसायची. ऊस तुटल्यावर पाचट पेटवण्याआधी डबा वाजवत फेरी मारायची, म्हणजे आतले जीव निघून जातात, असा आईचा नेम. त्या दुपारी उन्हाला कंटाळून मी तशीच काडी ओढली. धूर बघून आई धावत आली तोवर जाळ लव्हाळ्यात घुसला, तशी पाणकोंबडी एकटीच बाहेर आली आणि आमच्या पायांशी, अगदी उघड्यावर, ओरडत फिरू लागली. "पिल्लं आत ऱ्हायली तिची," आई म्हणाली, "डबा वाजवलास ना गं?" मी म्हणाले, "व्हय." खरं सांगायला आता आई नाही.