पाठकोऱ्या कागदावरचं गणित

राजेश्वरीबाईंचा फळा बघायला तपासणीचे साहेब मुद्दाम त्यांच्या वर्गात थांबायचे. रेघ कुठं वाकडी नाही, रंगीत खडूच्या आकृत्या, शेजारी चौकटीत सूत्र. पलूसजवळच्या त्या हायस्कुलात बाईंना गणित शिकवून चौदा वर्षं झाली होती. शिकवून झालं की त्या विचारायच्या, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "व्हय बाई!" आणि पोरं खोटं बोलत नव्हती. त्या घटकेला त्यांना खरंच समजलेलं असायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपवून आल्यावर बाईंनी आठवीला सहज एक प्रश्न टाकला. "पाण्याची टाकी आहे. लांबी, रुंदी, उंची दिलीय. आतनं रंग द्यायचाय. काय काढाल?"

बेचाळीस पोरांत पाच हात वर आले. त्यातल्या तिघांनी पृष्ठफळाऐवजी घनफळ सांगितलं. हे प्रकरण संपवून महिना झाला होता, आणि चाचणीत निम्म्या वर्गाला वीसपैकी अठरा पडले होते.

"पोरं अभ्यासच करत नाहीत" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. बाईंना ते पटेना. अठरा मार्क खरे, मग आजची ही पाटी कोरी कशी? शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्यांनी थेट सांगलीची एसटी धरली. त्यांची जुनी मैत्रीण उमा तिथं बी.एड. कॉलेजात शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातनं झेरॉक्सचा एक गठ्ठा काढून दिला. माणूस शिकतो कसा आणि विसरतो कसा, यावर झालेलं संशोधन त्यात होतं.

"वाच," उमा म्हणाली, "पण डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. यातले बरेच प्रयोग कॉलेजच्या पोरांवर झालेत. तुझ्या आठवीत काय होतं, ते तुलाच बघावं लागेल."

बाईंनी आठवडाभर तो गठ्ठा उलटापालटा केला. एक गोष्ट त्यांच्या मनात घट्ट बसली. पुन्हा पुन्हा वाचल्यानं, ऐकल्यानं धडा ओळखीचा वाटतो. पण डोक्याला ताण देऊन जे स्वतः आठवून काढावं लागतं, तेच टिकतं. तेही थोडं विसरायला लागल्यावर आठवलं, तर जास्त. त्यांना आपला सुंदर फळा आठवला. आठवायची सगळी मेहनत आजवर तो फळाच करत होता. पोरांना काही करायला ठेवलंच नव्हतं.

सोमवारपासून तासाची पहिली सात मिनिटं बदलली. वह्या बंद. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. बाई नाव घेऊन उभं करायच्या आणि विचारायच्या.

चौथ्या दिवशी साईराज शाळेत आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. त्याची आई रंगुबाई द्राक्षबागेत कामाला जायची. बाई संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. साईराज दाराआड उभा राहून म्हणाला, "सगळ्यांम्होरं उभं करताय बाई. मला येत न्हाई, मग पोरं हसत्यात."

ते बाईंना लागलं. गठ्ठ्यात लिहिलेलं होतं की ही परीक्षा नव्हे, सराव आहे. त्यांनी मात्र त्याची परीक्षा करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातले एका बाजूनं छापलेले जुने कागद आणले आणि कापून तुकडे केले. पाठकोऱ्या बाजूला प्रत्येकानं आपापलं उत्तर लिहायचं, मग फळ्यावरच्या उत्तराशी ताडून बघायचं, आणि चुकलं असेल तिथं स्वतःच दुरुस्त करायचं. मार्क नाहीत, नाव नाही. पोरांकडनं हे कळल्यावर साईराज सोमवारी आला, आणि त्यानंतर त्यानं शाळा बुडवली नाही.

पुढं बाईंनी उदाहरणंही मिसळली. एक क्षेत्रफळाचं, एक पृष्ठफळाचं, एक घनफळाचं. आधी प्रकरणाचं नावच सांगायचं कुठलं सूत्र लावायचं ते. आता पोरांना स्वतः ठरवावं लागायचं. त्यामुळं चुका वाढल्या. पुढच्या चाचणीत वर्गाची सरासरी दोन मार्कांनी घसरली.

आणि सुभेदार हंबीरराव शाळेत आले. पंचवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, ताठ कण्याचा. आठवीतल्या नातीची, मयूरीची वही त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाई, आमची पोरगी अठराच्या खाली कवा आली न्हाई. आता वहीत बघल तिथं लाल फुल्या. ह्ये काय चाललंय?"

"बसा आण्णा," बाई म्हणाल्या. "एक विचारू? रायफल खोलून जोडायला तुम्ही कसं शिकलात?"

हंबीररावांना प्रश्न अजब वाटला, पण उत्तर जिभेवर होतं. "उस्तादानं एकदा दावलं. मग आमीच. चुकलं की परत. पुढं पुढं तर डोळ्याला पट्टी बांधून."

"आणि उस्तादच रोज जोडून दाखवत बसला असता तर?"

"तर त्यालाच आली असती की!" म्हातारा हसला, मग वहीकडं बघून म्हणाला, "पर बाई, पोरीचं नुसकान व्हायला नगं."

"फेब्रुवारीपर्यंत थांबा. माझं चुकलं असलं तर मी स्वतः घरी येऊन सांगेन."

बाईंनी हे उगाच म्हटलं नव्हतं. चौकोनाचं प्रकरण त्यांनी मुद्दाम जुन्या पद्धतीनं शिकवलं होतं, त्याच सुमाराचं समीकरणांचं नव्या. फेब्रुवारीत, न सांगता, दोन्हींवर सारख्याच मार्कांचा पेपर ठेवला. वीसपैकी चौकोनात सरासरी सात आली, समीकरणांत साडेतेरा. एका वर्गाचा, दोन प्रकरणांचा हिशेब. यावरनं जगाला काही सांगता येणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या आठवीला सांगण्याइतकं मात्र ते पुरेसं होतं. साईराजनं समीकरणांत बारा घेतले, मयूरीनं एकोणीस. सुभेदारांनी पेपर हातात धरून दोनदा वाचला आणि म्हणाले, "चालू द्या."

मुख्याध्यापकांना लगेच उपक्रम करायचा होता. फोटो, फलक, अहवाल. बाईंनी ठाम नकार दिला. "सर, ज्याला करावंसं वाटेल त्यानं आधी माझ्या तासाला येऊन बसावं."

पहिले आले इतिहासाचे बाळासो सर, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. पंधरा दिवस मागच्या बाकावर बसून त्यांनी बघितलं आणि मग सातवीला सनावळ्यांऐवजी "हे आधी का ते, आणि कशावरनं?" असं विचारायला लागले. यंदा पाच शिक्षक करतात, प्रत्येकजण आपापल्या धाटणीनं. बाई सध्या पाचवीच्या पाढ्यांवर काम करतायत. तिथं अजून जमलेलं नाही, पण कुठं अडतंय ते त्यांना कळलंय: पोरं पाढा सुरात म्हणतात, मधलाच आकडा विचारला की थांबतात.